सिगारेट सुटली, पण सांगू कुणाला?

नागपूरच्या एका ३७ वर्षांच्या वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

त्या खासगी कंपनीत नोकरी करतात. पहिली नोकरी पुण्यात लागली, तिथे सिगारेट सुरू झाली आणि तेरा वर्षं राहिली. दिवसाला दहा-बारा. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला 'सोडली' म्हणून सांगितलं, पण सुटली नव्हती. दिवसा ऑफिसमागच्या टपरीवर आणि रात्री घरचे झोपले की गच्चीवर, असं चालू राहिलं. मागच्या दिवाळीनंतर त्यांनी खरंच सोडली. पाच महिने झाले. वजन ६१ वरून ६८ वर गेलं. नात्यातल्या बायका विचारतात, "काहून वो, खुशखबर आहे काय?" सासूबाई न बोलता भात कमी वाढतात. मे महिन्यात दिराचं लग्न आहे आणि एकही ब्लाउज अंगात जात नाही. दुपारी चार वाजता आणि रात्री साडेदहाला सपाटून भूक लागते, झोप येत नाही, मधूनच छातीत धडधडतं. एक सहकारी म्हणते, "लग्नापर्यंत दोन-दोन ओढ, भूक मरून जाते." दुसऱ्याने खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, पुढे केला. त्या विचारतात: "सोडून मी काय मिळवलं? एवढी हावरट मी आधी नव्हते. लग्न होईपर्यंत सुरू करून नंतर पुन्हा सोडली तर? की एक वेळच जेवू?"

ताई,

अभिनंदन. पाच महिन्यांत हा शब्द तुमच्या कानावर आलेला नसणार, कारण तुम्ही काय केलंत हे कुणाला ठाऊकच नाही. तेरा वर्षांची सिगारेट तुम्ही गोळी न घेता, समुपदेशक न गाठता, घरात कुणाच्या खांद्यावर डोकं न टेकवता सोडलीत. पत्रात हे तुम्ही एका ओळीत उरकलंय आणि वजनावर दीड पान लिहिलंय. मी उत्तर लिहायला बसले ते या दीड पानासाठीच. पण ती एक ओळ मी चार वेळा वाचली, हे तुम्हाला कळायला हवं.

आता त्या 'हावरट' शब्दाकडे येते, कारण तुमच्या पत्रातली सगळी दुखरी जागा तिथे आहे. तुम्ही गृहीत धरलंय की आधीची तुमची भूक खरी होती आणि आताची बिघडलेली आहे. मला हे उलटं दिसतं. तुमचा जुना दिवस तुम्हीच लिहिलाय: सकाळी चहा आणि एक सिगारेट, नाश्ता नाही, पहिला घास दीड वाजता, चारला पुन्हा चहा-सिगारेट, मग थेट रात्रीचं जेवण. पूर्ण वेळ नोकरी आणि घर सांभाळणाऱ्या बाईला एवढ्यावर भूक लागायलाच हवी. ती लागतही होती, निकोटिन ती दाबत होतं. मेंदूत भूक-तहानेचा कारभार पाहणारा हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथल्या 'पोट भरलं' असं सांगणाऱ्या पेशींना निकोटिन चाळवतं, म्हणून रिकाम्या पोटीही माणसाला भरल्यासारखं वाटतं. तेरा वर्षं तुमच्या पोटाचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं, ते आता पोचतंय.

दुसरी गोष्ट शरीर किती जाळतं याची. निकोटिनमुळे हृदय जोरात चालतं आणि शरीराचा रोजचा खर्च थोडा वाढतो. दिवसाला वीस-पंचवीस सिगारेटी ओढणाऱ्यांत हा जादा खर्च सुमारे २०० कॅलरींचा मोजला गेला आहे. तुमच्यात तो त्याहून कमी असणार. सिगारेट थांबली की तो खर्चही थांबतो, म्हणजे तेवढंच खाऊनही वजन थोडं चढतं. शिवाय तोंडाची चव आणि नाकाचा वास परत येतो. तुम्ही लिहिलंय की रविवारी तर्री पोहे खाताना 'आधी हे असं लागत नव्हतं' असं वाटलं. खरंच लागत नव्हतं. त्या वाक्याची लाज वाटून घेऊ नका.

सात किलो जास्त आहेत का? सिगारेट सोडलेल्या अनेक लोकांचे आकडे एकत्र करून २०१२ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक विश्लेषण आलं होतं. कुठलंही औषध न घेता सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी चार ते पाच किलोंनी वाढलं आणि त्यातली बरीच वाढ पहिल्या तीन महिन्यांतली होती. साधारण एक तृतीयांश लोक तुमच्यासारखे पाच ते दहा किलोंमध्ये होते. सहातल्या एकाचं वजन उलट कमी झालं. तेव्हा तुम्ही सरासरीच्या थोड्या पुढे आहात, एवढंच. आणि तुम्हीच लिहिल्याप्रमाणे गेल्या महिन्यात काटा ६८ वरच थांबलाय. चढ बहुधा संपत आलाय. तुम्ही हार मानायच्या बेतात आहात ती नेमकी या जागी.

आता ते 'लग्नापर्यंत दोन-दोन'. मी याला सरळ नाही म्हणते. सहा आठवड्यांत सात किलो उतरतील याची कसलीही खात्री नाही. सवय मात्र आठवड्याभरात पुन्हा बसेल, आणि दोनाच्या बारा कशा होतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. 'दोनच तर' हेही फसवं आहे. रोज फक्त एक सिगारेट ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळजवळ निम्मा असतो. सिगारेटी विसाव्या हिश्शावर आणल्या म्हणून धोका तितका उतरत नाही. तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर पस्तिशीनंतर सिगारेट आणि इस्ट्रोजेन असलेली गोळी एकत्र नकोच, रक्ताच्या गुठळीचा, हृदयविकाराच्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. आणखी एक, जे सहसा कुणी सांगत नाही: सिगारेट ओढणारी माणसं काट्यावर हलकी दिसली तरी त्यांची चरबी पोटाभोवती जास्त साठते. सिगारेटने तुम्हाला सडपातळ ठेवलं होतं, हा हिशोबही तेवढा साफ नाही.

खर्र्याबद्दल काय लिहू? आपल्या विदर्भात सिगारेट सोडलेला माणूस खर्र्याकडे वळताना मी इतक्यांदा पाहिलाय की आता ते ऐकलं तरी जीव तुटतो. पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना. तोंड हळूहळू उघडेनासं होतं, आधी चार बोटं जायची तिथे दोन जातात, आणि पुढे कर्करोगाची भीती. निकोटिन तेच, फक्त धुराऐवजी गालातून जातं. 'मी बिनतंबाखूची सुपारी खाईन' असंही मनात आलं असेल तर नको, सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तोंडात काही हवं असेल तर बडीशेप, लवंग, वेलदोडा. ई-सिगारेट कुणी सुचवली तर भारतात २०१९ पासून तिची विक्री बंद आहे, आणि तिच्यातही बहुतेक वेळा निकोटिनच असतं.

एक वेळ जेवण्याचा बेतही सोडा. तुमच्या पत्रात सगळ्यात अडचणीची वेळ दुपारी चारची आहे. सकाळपासून उपाशी राहिलात तर त्या वेळी मैत्रिणीने पुढे केलेली सिगारेट तुम्हाला आजच्या दुप्पट गोड वाटेल. रिकामं पोट आणि तलफ यांची फार जुनी ओळख आहे. कडक डाएट आणि सिगारेट सोडणं एकाच वेळी करू नये, असं मी जवळजवळ प्रत्येकाला सांगते. तुमची सिगारेट सुटून पाच महिने झालेत, त्यामुळे आता खाण्याकडे लक्ष द्यायला हरकत नाही. पण ते उपाशी राहून नको.

तर सकाळी खा. हे मी कितीही साधेपणाने म्हटलं तरी तुमच्यासाठी मोठा बदल आहे, कारण गेल्या तेरा वर्षांत तुम्ही सकाळी खाल्लेलंच नाही. मुगाची दोन धिरडी, किंवा दोन उकडलेली अंडी आणि एक पोळी, किंवा मोड आलेली मटकी घालून पोहे. डाळ, अंडं, दही, कडधान्य यातलं काहीतरी सकाळच्या घासात असलं की चारची भूक इतक्या त्वेषाने येत नाही. चार वाजता तर खायचंच, आणि ते पर्समध्ये आधीपासून हवं. मूठभर फुटाणे आणि एक संत्रं घ्या. संत्र्यांचा मृग बहार संपत आला असेल तर काकडी आणि ताक. ऑफिसच्या खालचा समोसा तुम्ही चार वाजता ठरवून खात नाही, समोर तेवढंच असतं म्हणून खाता. रविवारचे तर्री पोहे मात्र चालू ठेवा. एक प्लेट, बसून, चव घेत.

चहाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमची झोप आणि धडधड बहुधा इथे अडकलीय. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृताला कॅफिन भराभर निकाली काढायला लावतात. धूर बंद झाला की आठवड्याभरात यकृत आपल्या मूळ चालीवर येतं, आणि तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात कितीतरी जास्त वेळ राहतं. तुम्ही दिवसाला सहा चहा पीत होतात आणि आजही सहाच पिता, पण शरीराला ते दहा-अकरा प्यायल्यासारखे लागत असतील. मग रात्री डोळा लागत नाही, जागं राहिलं की भूक लागते, आणि फ्रीज उघडला जातो. दोष आपण 'हावरटपणा'ला देतो. सहाचे तीन चहा करा, शेवटचा चारच्या आत. साखर दोन-दोन चमचे घालता म्हणालात, म्हणजे बारा चमचे, म्हणजे दिवसाला दोनशेच्या वर कॅलरी. चहा निम्मे झाले की त्याही निम्म्या होतील, ताटातला एक घासही न काढता. धडधड तरीही राहिली तर डॉक्टरांना दाखवायचंच, चहावर ढकलून बसू नका.

आता टपरीचा विषय. तुम्ही दिवसातून पाच-सहा वेळा दोन जिने उतरून टपरीपर्यंत जात होतात आणि परत चढून येत होतात. सिगारेटबरोबर तेही बंद झालं. आता तुम्ही दहा ते सात खुर्चीत असता, कारण 'आता उठायला कारण काय?' ओढणाऱ्याला सुटी आणि न ओढणाऱ्याला खुर्ची, असा आपल्या ऑफिसांचा अलिखित नियमच झालाय. तो मानू नका. त्याच वेळी उठा, तेच जिने उतरा, टपरीच्या उलट्या दिशेला पाच-सात मिनिटं चालून या. तलफेची एक लाट साधारण तेवढाच वेळ टिकते आणि चालल्याने ती लवकर ओसरते. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरभर चालणं हे जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं किमान माप आहे, आणि त्यातला बराच भाग इथेच भरून निघेल. सुटीच्या दिवशी फुटाळ्याला किंवा सेमिनरी हिल्सला जा, पण सकाळी सातच्या आत. एप्रिल-मे मधलं नागपूरचं ऊन कुणाच्या संकल्पाला जुमानत नाही. मे महिन्यात घरातच जिने चढा-उतरा, किंवा पाण्याच्या दोन भरल्या बाटल्या हातात घेऊन व्यायाम करा. एवढ्याने महिन्याभरात काटा हलणार नाही, ते आधीच सांगते. व्यायामाचा वजनावरचा फरक सिगारेट सोडलेल्यांत वर्षाच्या टोकाला दिसतो. झोप आणि मूड मात्र त्याआधीच सुधारतात. बद्धकोष्ठाची तक्रार तुम्ही शेवटी कंसात लिहिलीय, तीही यातलीच. निकोटिन आतड्यांना ढकलत होतं. पाणी, पालेभाजी आणि हे चालणं यांनी ती बहुतेक सुटते.

रात्री साडेदहाबद्दल मला तुम्हाला एक विचारायचंय. जेवण झालंय, ओटा आवरलाय, सगळे झोपलेत. पूर्वी ती वेळ गच्चीची होती. पंधरा मिनिटं कुणाची सून नाही, कुणाची आई नाही, कुणाची टीम लीडर नाही. आता तुम्ही गच्चीवर जात नाही आणि स्वयंपाकघरात उभ्याने संत्रा बर्फी खाता. ही भूक नक्की पोटाची आहे का? सिगारेट सोडताना तुम्ही ती पंधरा मिनिटंही टाकून दिलीत की काय, असं मला वाटतं. ती परत घ्या. पाण्याचा तांब्या घेऊन गच्चीवर जा. तिथे गेल्यावर तलफ येत असेल तर जागा बदला, अंगणात बसा, कानात काहीतरी लावून बसा. पण ती वेळ तुमचीच ठेवा. बर्फी खायची इच्छा झाली तर दुपारच्या जेवणानंतर ताटात घेऊन खा, चोरून नको. चोरून करायच्या गोष्टींच्या यादीतून तुम्ही पाच महिन्यांपूर्वी एक मोठी गोष्ट काढलीत. तिथे बर्फी भरू नका.

आणि हे गुपित. नवऱ्याला सांगितलंच पाहिजे असं मी म्हणणार नाही. तुमचं घर तुम्ही ओळखता. आपल्याकडे आजीच्या चंचीतल्या तंबाखूला कुणी नाव ठेवत नाही, घरातला बाप्या दिवसभर खर्रा घोटतो तेही चालतं, आणि सुनेच्या हातातली सिगारेट मात्र चारित्र्याचा विषय होते. हे अन्यायाचं आहे, आणि त्याची किंमत तुम्ही एकटीने मोजावी असं मी सांगणार नाही. पण तुमच्या पत्रात नवरा तुमच्याकडून बोलतो. भात कमी वाढला गेला तेव्हा 'आई, तिला जेवू द्या' असं तो म्हणाला, हे तुम्हीच लिहिलंय. अशा माणसाला 'तेव्हा खोटं बोलले, आता खरंच सोडलीय आणि जड जातंय' असं सांगता येईल का, याचा विचार करा. तो दुखावला जाईल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. तो धोका पत्करायचा की नाही, ते तुम्हीच ठरवा. नसेल जमत तर निदान एका माणसाला सांगा: पुण्याची जुनी मैत्रीण, बहीण. तेही नको असेल तर राष्ट्रीय तंबाखू क्विटलाइन आहे, १८०० ११२ ३५६, फोन फुकट आहे आणि तिथे प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. आठवड्यातून एकदा 'अजून ओढली नाही' एवढं म्हणायला एक माणूस असणं फार मोठं असतं. अनेक सरकारी रुग्णालयांत तंबाखूमुक्ती केंद्रंही आहेत, तिथे बायकांनी जायला संकोचू नये.

डॉक्टरांपासून मात्र लपवू नका. तुमच्या आईला मधुमेह आहे म्हणून सांगते. अमेरिकेतला एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडल्यावर ज्यांचं वजन वाढलं, त्यांच्यात मधुमेहाचा धोका काही वर्षं थोडा चढलेला दिसला. त्याच लोकांत हृदयविकाराने आणि एकूणच कशानेही मरण्याचा धोका ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमी होता, वजन वाढूनही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून रक्तातली साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) तपासून घ्या, आणि थकवा आहे म्हणता तर थायरॉइडही. वाचणाऱ्या इतरांसाठीही: इन्शुलिन किंवा मानसिक आजाराची काही औषधं चालू असतील तर सिगारेट सोडताना डॉक्टरांना आधी सांगा, मात्रा बदलावी लागू शकते. ज्यांची अजून सुटायची आहे आणि वजनाची धास्ती आहे, त्यांनी निकोटिनच्या च्युइंगगमबद्दल किंवा गोळ्यांबद्दल विचारावं. त्यांनी वजनाची वाढ निदान पुढे ढकलली जाते, एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढावं लागत नाही. गम नेहमीसारखं चावत राहायचं नसतं. तोंडात झिणझिण्या आल्या की गालात धरून ठेवायचं.

'खुशखबर आहे काय वो?' याला उत्तर देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. तरी लग्नघरात पन्नास जणी विचारतील, म्हणून एक वाक्य आधीच घोकून ठेवा: "नाही मावशी, तसं काही नाही, तब्येत छान आहे." आणि लगेच त्यांच्या सुनेची चौकशी करा. सासूबाईंनी भात कमी वाढला तर स्वतःच्या हाताने डाव घ्या. भांडायची गरज नाही, आणि अर्धपोटी उठायचीही नाही.

वजन आठवड्यातून एकदा, एकाच वारी, सकाळी बघा. रोज नको. लग्नापर्यंत एक-दोन किलो उतरले तर उतरले. ब्लाउजसाठी सहा आठवडे आहेत, सिगारेटपेक्षा शिंप्याकडे जाणं सोपं आहे. चांगल्या शिंप्याने दोन्ही बाजूंना आत माया ठेवलेली असते. या शनिवारीच जा आणि ती सोडून घ्या.